नव्या शेतातला जुना सैनिक: वास्तववादी चित्रातली प्रतीकं कशी वाचायची

एक माणूस आपल्याकडे पाठ करून गहू कापतोय. अंगात पांढरा सदरा, त्यावर गॅलिसचे पट्टे, डोक्यावर हॅट, हातात लांब दांड्याचा मोठा विळा. समोर उभ्या गव्हाची भिंत आणि तिच्या वर निळ्या आकाशाची अरुंद पट्टी. पायाशी कापून आडवा पडलेला गहू. घर नाही, घोडा नाही, मदतीला दुसरं माणूस नाही.

विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराने १८६५ साली रंगवलेलं हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आकार बेताचाच, साधारण ६१ बाय ९७ सेंटिमीटर. नाव आहे 'द व्हेटरन इन अ न्यू फील्ड', म्हणजे नव्या शेतातला जुना सैनिक. नाव न वाचता पाहिलं तर हे सोंगणीचं एक छान, उन्हाने भरलेलं चित्र आहे आणि तेवढ्यावर समाधान मानून पुढे जायला काहीच हरकत नाही. पण अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धानंतरच्या आयुष्याबद्दल बोलताना अभ्यासक पुन्हा पुन्हा याच चित्राशी येऊन थांबतात. त्यात युद्धाचं असं काय आहे?

उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली पाहा. तिथे एक जाकीट आणि पाण्याची लष्करी बाटली टाकलेली आहे. उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या फौजेतल्या शिपायाचं हे सामान. आता हा माणूस नुसता शेतकरी राहत नाही. काही महिन्यांपूर्वी त्याच्या हातात बंदूक होती.

जुन्या धाटणीच्या रूपकचित्रांत प्रतीक ओळखणं सोपं असतं. डोळ्यांवर पट्टी आणि हातात तराजू असलेली बाई दिसली की ती न्यायदेवता. तिचं घर कुठे, ती जेवते काय, हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण ती बाई नाहीच, ती एक कल्पना आहे. वास्तववादी चित्रकाराला ही सोय नसते. त्याच्या चित्रातली प्रत्येक वस्तू आधी वस्तू म्हणून खरी असावी लागते. कडक उन्हात मेहनत करणारा माणूस जाकीट काढून ठेवणारच, आणि तहान लागणार म्हणून पाणी जवळ ठेवणारच. म्हणजे ते जाकीट तिथे असण्याला साधं, व्यवहारी कारण आहे. त्यावर दुसरा अर्थ येऊन बसतो: या माणसाने शिपाईपण अंगावेगळं केलंय. पण नीट पाहा, जाकीट फेकून दिलेलं नाही, जाळलेलं नाही. हाताशीच पडलंय आणि संध्याकाळी बहुधा तो ते उचलून घरी नेईल. वास्तववादी प्रतीकाची खरी मौज इथे आहे. त्याचं 'अमुक म्हणजे तमुक' असं कोष्टक मांडता येत नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याने व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स इथे शरणागती पत्करली. त्यानंतर पाचच दिवसांनी, १४ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला. चार वर्षांच्या या युद्धात मेलेल्यांचा जुना आकडा सुमारे ६ लाख २० हजार, आणि अलीकडचे अभ्यासक तो सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही वर नेतात. हे सगळं ताजं असताना, त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात, होमर हे चित्र रंगवत होता.

होमरला युद्ध ऐकून माहीत नव्हतं. १८३६ साली बोस्टनमध्ये जन्मलेला हा माणूस 'हार्पर्स वीकली' या सचित्र साप्ताहिकासाठी रेखाटनं करायचा आणि त्या कामासाठी उत्तरेच्या 'आर्मी ऑफ द पोटोमॅक' या फौजेसोबत छावण्यांमध्ये राहून आला होता. त्याचं एक गाजलेलं चित्र झाडावर बसून नेम धरणाऱ्या शार्पशूटरचं आहे. दुर्बीण लावलेल्या तशा बंदुकीतून त्याने स्वतः एकदा पाहिलं होतं. कित्येक वर्षांनी एका पत्रात त्याने लिहिलं की सैन्यात पाहिलेल्या गोष्टींपैकी खुनाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट त्याला हीच वाटली. होमर एरवी आपल्या चित्रांबद्दल बोलायला फारसा राजी नसे, म्हणून हे वाक्य मोलाचं. पिवळ्याधमक उन्हातलं हे चित्र काढणारा हात कुणाचा होता, ते त्यावरून कळतं.

युद्ध संपल्यावर उत्तरेत एक भीती होती, जी आज आपल्या लक्षात येत नाही. युद्धाच्या अखेरीस संघराज्याच्या फौजेत सुमारे दहा लाख माणसं होती. नोव्हेंबर १८६५ पर्यंत त्यांतल्या आठ लाखांना सेवामुक्त करण्यात आलं. चार वर्षं मारायला शिकलेली एवढी माणसं गावोगाव परतणार, मग ती कामाला लागतील, की लूटमार करतील, की सत्ताच हातात घेतील? युरोपच्या इतिहासात अशी उदाहरणं होतीच. म्हणून शेतात परतलेला शिपाई ही त्या वर्षी नुसती गोड कल्पना नव्हती, तो एक राजकीय दिलासा होता. शिपायांपैकी जवळजवळ निम्मे मुळात शेतकरीच होते, तेव्हा चित्र वस्तुस्थितीलाही धरून होतं.

शिवाय त्या वेळच्या शिकलेल्या अमेरिकनांना असा एक शेतकरी आधीपासून माहीत होता. प्राचीन रोमचा सिन्सिनाटस. संकट आल्यावर नांगर सोडून तो सेनापती झाला, लढाई जिंकली आणि सत्तेला न चिकटता शेतावर परत गेला, अशी त्याची कथा. जॉर्ज वॉशिंग्टनची तुलना त्याच्याशी होत असे. स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांनी १७८३ मध्ये सिन्सिनाटसच्याच नावाने संघटना काढली होती. होमरने या कथेत एक मोठा बदल केला, तो मला फार आवडतो: त्याचा सिन्सिनाटस सेनापती नाही. तो कोण आहे हेही आपल्याला कळत नाही, कारण चेहराच दाखवलेला नाही. पुतळा उभारावा असा हा वीर नव्हे. आठ लाखांपैकी कुणीही एक.

हे झालं चित्राचं उजळ अंग. तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, हे बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातलं वचन तेव्हाच्या घराघरात पाठ होतं आणि चित्र पाहताना ते आठवणं अगदी साहजिक होतं. गहू हे उत्तरेचं पीक, तर दक्षिणेचा सगळा डौल कापसावर. 'कापूस हा राजा आहे' अशी दक्षिणेच्या पुढाऱ्यांची भाषा होती. मग भरलेलं गव्हाचं शेत म्हणजे जिंकलेली उत्तर, असाही अर्थ लागतो. शांतता, सुबत्ता, विजय. चित्र इथेच संपलं असतं तर ते चांगलं पोस्टर झालं असतं.

पण त्या माणसाच्या हातातलं अवजार चुकीचं आहे.

१८६५ च्या सुमारास उत्तरेत गहू कापायचे दोन मार्ग रूढ होते. मोठ्या शेतात घोड्यांनी ओढायचं कापणी यंत्र. सायरस मॅककॉर्मिक आणि त्याच्या स्पर्धकांची अशी यंत्रं युद्धापूर्वीच पसरली होती आणि माणसं फौजेत गेल्यावर शेती चालू राहिली ती बरीचशी त्यांच्या जोरावर. जिथे यंत्र नव्हतं तिथे लांब विळाच वापरत, पण त्याच्या पात्यावर लाकडी बोटांची एक चौकट बसवलेली असे. कापलेला गहू त्या बोटांवर झेलला जाऊन एका अंगाला नीट ओळीत पडायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला पेंढ्या बांधायला सोपं. नुसत्या एका पात्याचा विळा गवत कापायला. त्याने पिकलेला गहू कापला तर ओंब्या कशाही पडणार आणि दाणे झडणार.

होमरच्या माणसाच्या हातात हाच नुसत्या पात्याचा विळा आहे. 'द नेशन' या साप्ताहिकाच्या समीक्षकाने तेव्हाच यावर बोट ठेवलं होतं. लढायला गेलेला हा गडी गहू कशाने कापायचा तेच विसरून आलेला दिसतो, अशा अर्थाची तक्रार त्याने केली. शेती जाणणाऱ्या प्रेक्षकाला ती खटकणारच. वास्तववादी चित्रकाराकडून एवढी ढोबळ चूक!

आता चित्र जवळून पाहा. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर त्याची मोठ्या आकारातली प्रतिमा मोफत उघडता येते. पात्याच्या आसपास निरखलं तर रंगाखालून डोकावणाऱ्या पुसट रेघा दिसतात. त्या लाकडी चौकटीच्या खुणा आहेत. म्हणजे होमरने आधी बरोबर अवजार रंगवलं होतं आणि मग त्यावर रंग चढवून चौकट झाकून टाकली. तैलरंगाचा वरचा थर वर्षांनुवर्षं पारदर्शक होत जातो आणि खालचं वर येऊ लागतं, तसं इथे झालं. गहू कशाने कापतात हे त्याला ठाऊक होतं, हे त्या रेघा सांगतात. चूक त्याने समजून उमजून केली.

कशासाठी? रचनेचं कारण नाकारता येत नाही. चौकटीची ती गुंतागुंत गेल्यावर पात्याची एकच स्वच्छ कमान उरते आणि नजर तिथे खिळते. पण त्या कमानीला पाश्चात्त्य चित्रपरंपरेत फार जुनी ओळख आहे. लांब दांडा, एक वाकडं पातं, मुकाट्याने कापत जाणारी आकृती, हे मृत्यूचं रूप. शतकानुशतकं युरोपच्या चित्रांत, कबरींवर, व्यंगचित्रांत मृत्यू हाच विळा घेऊन माणसं सोंगत आलाय. चौकट असलेला विळा हे शेतकऱ्याचं अवजार राहिलं असतं. चौकट गेली आणि शेतकऱ्याच्या जागी दुसरंच कुणी उभं राहिलं. तेही चेहरा न दाखवता.

मला हे चित्र समजलं ते या एका पुसलेल्या चौकटीमुळे. वास्तववादी चित्रात प्रतीक शोधायचं तर चित्रकार वास्तवापासून कुठे हलला ते शोधावं. सगळ्या चित्रभर खरेपणा पाळणारा माणूस एकाच ठिकाणी तो मोडतो, तेव्हा तिथे त्याला काहीतरी जास्तीचं म्हणायचं असण्याची शक्यता बरीच असते.

एकदा पातं असं दिसलं की बाकीचं चित्रही पालटतं. पायाशी पडलेला गहू आता नुसता गहू वाटत नाही. यादवी युद्धातल्या कितीतरी भीषण चकमकी शेतांतच झाल्या होत्या. गेटिसबर्गच्या रणभूमीवर 'व्हीटफील्ड', म्हणजे गव्हाचं शेत, याच नावाने ओळखली जाणारी जागा आहे. २ जुलै १८६३ रोजी ती एका दुपारीत पुन्हा पुन्हा या बाजूकडून त्या बाजूकडे गेली. त्याआधी सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमला मक्याच्या शेतात लढाई झाली. संघराज्याच्या जनरल हूकर याने आपल्या अहवालात लिहिलं की त्या शेताच्या मोठ्या भागातलं प्रत्येक ताट सुरीने कापावं तसं बुडापासून कापलं गेलं होतं आणि मेलेले शिपाई ते ज्या रांगांत उभे होते त्याच रांगांत पडलेले होते. पीक आणि शिपाई एकाच वाक्यात, आणि तेही कवितेत नव्हे, लष्करी कागदात. गेटिसबर्गला टिमोथी ओ'सलिव्हन याने टिपलेलं मृत शिपायांचं छायाचित्र १८६६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याला 'मृत्यूची सुगी' असं नाव दिलं गेलं. होमरच्या प्रेक्षकांना मरण आणि कापणी यांची जोडी कुणी शिकवायला नको होती. त्यांच्या डोक्यात ती होतीच.

मग हा माणूस तिथे करतोय काय? शांततेच्या कामाला परत लागलाय, की चार वर्षं जे केलं तेच दुसऱ्या शेतात करतोय? शीर्षकातला 'नवं' हा शब्द जुन्या शेताची आठवण करून देतो आणि ते जुनं शेत म्हणजे रणांगण. हात तेच, उभ्या रांगा आडव्या करण्याची हालचालही तीच. त्या वर्षी चित्र पाहणाऱ्याला लिंकनही आठवले असणार. ऐन विजयाच्या क्षणी कापून काढलेला माणूस.

आणि तरीही तो गहू आहे. कापलेल्या गव्हाची भाकरी होते, त्याच्याच दाण्यातून पुढचं पीक येतं. दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे आणि तेही या प्रेक्षकांच्या कानावरून शेकडो वेळा गेलेलं. मृत्यूचा अर्थ आणि पुन्हा उगवण्याचा अर्थ, दोन्ही त्याच ओंब्यांवर बसलेत. काही लेखक यातला एक निवडून 'चित्राचा खरा संदेश' म्हणून हाती देतात. मला ते पटत नाही. १८६५ च्या शरदात एकाच घरात एक मुलगा परत आलेला असायचा आणि दुसरा नसायचा. त्या घराला 'आता आनंद की शोक' असं विचारून काय उत्तर मिळणार होतं?

इतके अर्थ निघायला लागले की एक शंका मनात यायलाच हवी: हे सगळं आपणच तर घुसडत नाही ना? शंका रास्त आहे. गॅलिसच्या पट्ट्यांत कुणी क्रूस शोधला किंवा आकाशाच्या निळ्या पट्टीला स्वर्ग ठरवलं, तर मी मान डोलावणार नाही. गॅलिस तेव्हा सगळेच लावायचे आणि आकाश निळंच असतं. विळ्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे तीन धागे एकमेकांना आधार देतात. ती वस्तू त्या जागी खटकते आणि हे त्या काळच्या माणसाने लिहून ठेवलंय. चित्रकाराने ती मुद्दाम बदलली याचा पुरावा रंगातच आहे. आणि ती पाहून प्रेक्षकाला काय आठवेल हे त्या काळच्या इतर चित्रांवरून, मजकुरावरून ताडता येतं. यातला एखादाच धागा हाती असेल तर तो अर्थ 'कदाचित' म्हणून ठेवावा. सिन्सिनाटसचा अर्थ मी तसाच ठेवतो. शक्यता दाट, पण चित्रात त्याला बांधून ठेवणारं काही नाही.

चित्रात जे नाही त्याकडेही पाहायला हवं, कारण वगळणं हीदेखील निवडच. सोंगणी हे एकट्याचं काम नव्हे. एक कापणारा, मागे गोळा करणारा, पेंढ्या बांधणारा, अशी टोळी लागते. होमरने सगळ्यांना काढून टाकलं. युद्धातून परतलेला माणूस माणसांत परतलाय असं चित्र म्हणत नाही, कामात परतलाय एवढंच म्हणतं. आणि काम नुकतंच सुरू झालंय. पुढ्यातल्या गव्हाला टोक दिसत नाही.

हा माणूस धडधाकटही आहे. दोन हात, दोन पाय शाबूत. हात किंवा पाय गमावून आलेल्या हजारोंचं काय? होमर त्यांना विसरला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'हार्पर्स वीकली'त त्याचं एक चित्र छापून आलं. न्यूपोर्टच्या किनाऱ्यावर घोडागाडी चाललीय, तीत बसलेल्या शिपायाची एक बाही रिकामी आहे आणि लगाम शेजारच्या बाईच्या हातात आहेत. त्या काळात गाडी पुरुषाने हाकायची असे. इथेही प्रतीक म्हणून वेगळं काही आणलेलं नाही. एक हात असलेल्या माणसासोबत निघायचं तर लगाम दुसऱ्या कुणीतरी धरायलाच हवेत.

सर्वांत मोठी अनुपस्थिती मात्र त्या लोकांची, ज्यांच्या गुलामगिरीवरून हे युद्ध झालं. गव्हाच्या शेतातला दिलासा उत्तरेचा आहे, गोऱ्या शेतकऱ्याचा आहे. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली, म्हणजे चित्राच्या आगेमागेच. पुढे, १८७६ मध्ये होमरने याच लोकांचं 'द कॉटन पिकर्स' हे चित्र रंगवलं. ते चित्र आता लॉस एंजेलिसच्या काउंटी म्युझियममध्ये आहे. कापसाच्या शेतात दोन कृष्णवर्णीय तरुणी उभ्या आहेत. एकीची नजर हातातल्या कामाकडे, दुसरीची दूर कुठेतरी.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हीकडे दूरवर पसरलेलं पीक, पिकात अडकलेली माणसं, युद्धानंतरचं आयुष्य. सैनिकाचा चेहरा होमरने लपवला, तर या दोघींचे चेहरे समोर आणले, आणि त्यांवर थकवा व विचार दोन्ही स्पष्ट वाचता येतात. सैनिकाच्या कोपऱ्यात काढून ठेवायला जाकीट होतं, त्याचं युद्ध कुठल्या दिवशी संपलं हे सांगता येत होतं. या दोघींजवळ टोपली आहे, गोणी आहे, आणि युद्ध संपून अकरा वर्षं झाल्यावरही तोच कापूस आहे.